जागचं न हलणारं वजन

1980च्या दशकात अमेरिकी मोटारीतली एअरबॅग फुगवायची की नाही, हे एक पोलादी गोळी ठरवत असे. बोटाएवढ्या नळीच्या मागच्या टोकाला चुंबकानं धरून ठेवलेली ही गोळी गाडी आदळली की चुंबकाची पकड सोडून पुढे धावायची, समोरच्या दोन धातूच्या पट्ट्यांना टेकायची आणि वीजमंडल पूर्ण व्हायचं. ॲलन ब्रीड या अमेरिकी संशोधकानं 1960च्या दशकाच्या अखेरीस मांडलेली ही युक्ती साधी आणि भरवशाची होती. पण प्रत्येक गाडीत अशा अनेक नळ्या लागत, आणि गोळीला फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगता येई. धडक किती जोराची होती आणि जोर कसा वाढत गेला, हे तिच्याकडून कळण्याची सोय नव्हती. 1991 मध्ये अमेरिकी संसदेनं कायदा करून 1998च्या मॉडेलपासून सगळ्या प्रवासी मोटारींना एअरबॅग सक्तीची केली. स्वस्त आणि बोलक्या संवेदकाची बाजारपेठ त्या दिवशी तयार झाली.

मॅसॅच्युसेट्समधल्या विल्मिंग्टन इथे ॲनालॉग डिव्हायसेस या कंपनीत रिचर्ड पेन, स्टीव्हन शर्मन आणि त्यांचे सहकारी त्याआधी काही वर्षं याच कामाला लागले होते. बर्कली विद्यापीठात रॉजर हाऊ आणि रिचर्ड मुलर यांनी 1983 मध्ये एक वाट दाखवून दिली होती. सिलिकॉनच्या चकतीवर काचेसारख्या ऑक्साइडचा थर द्यायचा, त्यावर पॉलिसिलिकॉनचा थर चढवून हवा तसा आकार कोरायचा आणि मग खालचा ऑक्साइड आम्लानं विरघळवून टाकायचा. वरचा आकार अधांतरी, हलायला मोकळा राहतो. विल्मिंग्टनच्या चमूनं ही मोकळी तुळई आणि तिची हालचाल वाचणारं सर्किट एकाच चिपवर बसवलं. त्या चिपचं नाव एडीएक्सएल 50. ‘50’ म्हणजे अधिक-उणे 50 जी, आणि ‘जी’ म्हणजे पृथ्वीवर मोकळ्या पडणाऱ्या वस्तूचं त्वरण.

या चिपचा आतला भाग नीट पाहण्यासारखा आहे. तुळईची जाडी 2 मायक्रॉन, आणि तिचं वजन ग्रॅमच्या एक कोटीव्या भागाइतकं. तिला दोन्ही बाजूंनी कंगव्यासारखी बोटं फुटलेली, आणि प्रत्येक बोट दोन स्थिर पट्ट्यांच्या मधोमध, दोन्हीकडे 1.3 मायक्रॉनची फट ठेवून उभं. गाडीला हिसका बसला की तुळई मागे राहते, एका बाजूची फट कमी होते, दुसरीकडची वाढते आणि दोन्हीकडची विद्युतधारिता बदलते. बदल किती? दर ‘जी’मागे बोट सरकतं सुमारे अर्धा नॅनोमीटर, म्हणजे मोजके अणू एका रांगेत मावतील एवढंच. स्थिर पट्ट्यांना एकमेकींच्या उलट असे चौकोनी स्पंद सेकंदाला दहा लाख या वेगानं दिले जात. बोट अगदी मधोमध असेल तर दोन्हींचा परिणाम एकमेकांना पुसून टाकतो. जरा सरकलं की त्या बाजूचा स्पंद वर डोकावतो.

इथपर्यंत मोजमाप झालं. पण शर्मन आणि मंडळी तिथे थांबली नाहीत. त्या डोकावणाऱ्या स्पंदापासून सर्किट एक स्थिर व्होल्टेज तयार करी आणि ते पुन्हा तुळईलाच देई. स्थिर पट्ट्यांपैकी एक 3.4 व्होल्टवर, दुसरी 0.2 व्होल्टवर, आणि तुळई बरोबर मध्ये, 1.8 वर. दोन्ही पट्ट्या तिला आपल्याकडे ओढतात, पण ओढ समान असते. तुळईचं व्होल्टेज थोडं वाढवलं की एका पट्टीशी असलेला फरक घटतो, दुसरीशी वाढतो. स्थिर विजेची ओढ व्होल्टेजच्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि दोन वर्गांची वजाबाकी केली की वर्ग नाहीसे होतात, सरळ प्रमाण उरतं. त्यामुळे तुळईला जागेवर परत आणायला जितकं व्होल्टेज लागलं, तितकं त्वरण! सोनार पारडं किती खाली गेलं ते मोजत बसत नाही. दुसऱ्या पारड्यात वजनं टाकून काटा मधोमध आणतो आणि टाकलेली वजनं मोजतो. इथे सोनाराचं काम सर्किट करतं, तेही सेकंदाला हजारो वेळा. उत्तर असं परत तुळईला देण्याला अभियंते फीडबॅक म्हणतात, आणि या सगळ्या रचनेला क्लोज्ड लूप.

ही चिप 1990च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आली आणि गोळीवाल्या नळ्यांचे दिवस भरले. पण तिच्या माहितीपत्रकातला एक आकडा कुणाही संवेदनशील यंत्र करणाऱ्याला खटकला असता. तिचा नॉइज, म्हणजे गाडी बंद उभी असतानाही उत्तरात दिसत राहणारी खरखर, वर्गमूळ हर्ट्झमागे 6.6 मिलि-जी इतका होता. एककाचा अर्थ असा, की जितकी जास्त कंपनं ऐकायची तितकी खरखरही जास्त ऐकू येणार, आणि ती वर्गमूळाच्या हिशेबानं वाढणार. 100 हर्ट्झपर्यंत ऐकायचं तर जवळपास 66 मिलि-जी. धडकेच्या कित्येक जींपुढे हे काहीच नाही. पण भूकंपशास्त्रज्ञाला हे यंत्र निरुपयोगी. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयना धरणाच्या भिंतीतल्या त्वरणलेखकावर जे सर्वोच्च त्वरण नोंदलं गेलं, ते 0.63 जी होतं, आणि तो भूकंप अगदी जवळचा, घरंदारं पाडणारा होता. दूरच्या भूकंपाच्या किंवा जमिनीखालच्या थरांवरून परतणाऱ्या लहरी ‘जी’च्या अब्जाव्या भागांत मोजायच्या असतात.

यानंतर जे घडलं ते वरवर पाहता उलटं वाटतं. 1990च्या दशकाच्या मध्याला कंपनीनं त्याच अधिक-उणे 50 जी पल्ल्याची पुढची चिप आणली, एडीएक्सएल 150. तिच्यातून फीडबॅक काढून टाकला होता. तुळईला मोकळं सरकू द्यायचं आणि किती सरकली ते वाचायचं, बस्स. तिचा नॉइज होता वर्गमूळ हर्ट्झमागे 1 मिलि-जी, म्हणजे आधीच्यापेक्षा साडेसहा पटींनी कमी.

क्लोज्ड लूपनं नॉइज कमी होतो, हे वाक्य जाहिरातींत आणि चक्क विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतही इतक्या सहज लिहिलं जातं, की या दोन आकड्यांपुढे थांबायलाच हवं. फीडबॅकला खरखर ओळखता येत नाही. सर्किटनं तुळईची जागा वाचताना चूक केली, तर लूप त्या चुकीवर विश्वास ठेवून तुळईला तितकाच चुकीचा धक्का देतो आणि चूक जशीच्या तशी उत्तरात उतरते. संदेश आणि खरखर यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण लूपमुळे सुधारत नाही. उलट धक्का देणाऱ्या सर्किटची स्वतःची खरखर त्यात मिसळते. मग शांत यंत्रं बांधणारे लोक पुन्हा क्लोज्ड लूपकडे का वळले? त्याचं उत्तर सिलिकॉन चिपच्या बरंच आधीच्या इतिहासात आहे.

1925 साली हॉलंडमधल्या उट्रेख्ट इथे मोल आणि बर्गर या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी गॅल्व्हानोमीटरच्या आरशाची हालचाल शेकडो पटींनी वाढवून दाखवणारी तजवीज केली. वाढवलेली रेघ स्थिर राहायलाच तयार नव्हती. यंत्राला काहीही जोडलेलं नसताना ती वर-खाली थरथरत राही. दोघांनी अंदाज केला की जमिनीची सूक्ष्म कंपनं इमारतीतून यंत्रात येत असावीत. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या गुस्ताफ इझिंग यांनी ती रेघ हिशेबाला लावली आणि वेगळाच निष्कर्ष काढला. थरथर जमिनीची नव्हती, आरशाची स्वतःची होती. भोवतालच्या हवेचे रेणू त्याला सतत ठोसे मारत होते. रॉबर्ट ब्राउननं 1827 मध्ये पाण्यातल्या, परागकणांतून आलेल्या सूक्ष्म कणांत पाहिलेला आणि आइन्स्टाइननं 1905 मध्ये समजावलेला नाच इथे एका आरशाच्या नशिबी आला होता. इझिंग यांनी आपल्या लेखात याला उपकरणांच्या संवेदनशीलतेची नैसर्गिक मर्यादा ठरवलं. दोन वर्षांनी बेल प्रयोगशाळेत जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी हाच नाच विजेच्या रोधकांत दाखवला.

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण पुढे येणाऱ्या सगळ्या गोष्टीचं मूळ त्यात आहे. यंत्रातला हलणारा भाग जितका हलका, तितका रेणूंचा मार त्याला जास्त जाणवतो. हवेचा अडथळा जितका जास्त, तितकेच रेणूंचे ठोसेही जास्त. एखाद्या ॲक्सेलरोमीटरची, म्हणजे त्वरणमापकाची, ही औष्णिक खरखर कमी करायची तर मुख्य मार्ग तीन: वजन वाढवा, स्प्रिंग मऊ करा, हवा काढून टाका. पारंपरिक यंत्रं बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं, पण सिलिकॉनवाल्यांचं सगळं लक्ष यंत्र छोटं करण्याकडे होतं. 1979 मध्ये स्टॅनफर्डच्या लिन रॉयलन्स आणि जेम्स एंजेल यांनी पहिला सिलिकॉन ॲक्सेलरोमीटर केला, तो हृदयाच्या भिंतीची हालचाल मोजण्याच्या हेतूनं. 2 मिलिमीटर रुंद, 3 मिलिमीटर लांब, वजन एका ग्रॅमच्या पन्नासाव्या भागापेक्षा कमी. तेव्हा ही केवढी झेप होती! पण वजन घटवत नेलं की इझिंगची मर्यादा जवळ येत जाते. 1993 मध्ये टॉमस गॅब्रिएलसन यांनी सूक्ष्मयंत्रांतल्या या औष्णिक खरखरीवर एक नेटका शोधनिबंध लिहिला आणि सर्किटच्या खरखरीवरच नजर खिळवून बसलेल्या क्षेत्राला यंत्राच्या खरखरीचा हिशेब मांडून दाखवला.

आता समजा, कुणी धाडस करून तिन्ही मार्ग धरले. वजन हजारो पटींनी वाढवलं, स्प्रिंगची कंपनसंख्या एडीएक्सएल 50च्या 24 किलोहर्ट्झऐवजी 1 किलोहर्ट्झ केली, भोवतालची हवा उपसून टाकली. अर्ध्या नॅनोमीटरऐवजी वजन दर जीमागे पाव मायक्रॉन सरकेल, त्यामुळे सर्किटचं वाचनही सोपं होईल. पण दीड मायक्रॉनच्या फटीत ते सहा जीलाच पट्टीवर आपटेल. फट मोठी केली तर धारितेतला बदल बारीक होतो. शिवाय फटीचा आणि धारितेचा संबंध सरळ नाही, म्हणून मोठ्या हालचालीत उत्तर वाकडं येतं. हवा नसल्यामुळे एकदा हललेलं वजन घंटेसारखं झणझणत राहतं. म्हणजे शांत वजन मिळालं, पण वापरता येईना.

फीडबॅकची खरी जागा ही आहे. तो वजनाला हलूच देत नाही, त्यामुळे फट पुरते, उत्तर सरळ राहतं आणि पल्ला स्प्रिंगवर अवलंबून न राहता विजेच्या ओढीवर ठरतो. झणझणणं थांबवायचं कामही तोच करतो, आणि त्याची कल्पना पुन्हा उट्रेख्टमधूनच आली. 1953 मध्ये मिलात्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युतमापकाच्या हलत्या भागाला हवेऐवजी विजेच्या फीडबॅकनं आवर घालून त्याची ब्राउनीय थरथर कमी करून दाखवली. हवेनं आवरलं की हवेचे ठोसेही पदरी पडतात. सर्किटनं आवरलं की वेग तेवढा कमी होतो आणि सोबत जवळजवळ कुठलीच नवी उष्ण थरथर येत नाही. भौतिकशास्त्रात याला थंड अवमंदन म्हणतात. नॉइज कमी करण्यात फीडबॅकचा वाटा असा आडवळणानं येतो, पण आहे मात्र मोठा.

भूकंपमापकांच्या जगात हे सिलिकॉनच्या आधीच रुळलं होतं. एरहार्ड वीलांट आणि स्विस यंत्रकार श्ट्रेकायझन यांनी पानासारख्या वाकलेल्या स्प्रिंगवर वजन टांगून त्याला फीडबॅकनं जागेवर धरणारा भूकंपमापक केला, आणि 1980च्या दशकात त्याची एसटीएस मालिका जगभरच्या वेधशाळांत पोचली. ते टेबलावर ठेवायचं यंत्र होतं. तेच चिपवर करायचं होतं.

मिशिगन विद्यापीठात नाविद याझदी आणि खलील नजाफी यांनी 2000 साली याचा एक देखणा मार्ग प्रसिद्ध केला. पातळ थरातून तुळई कापण्याऐवजी सिलिकॉनच्या चकतीची सगळी जाडी, जवळपास अर्धा मिलिमीटर, त्यांनी वजन म्हणून वापरली. दोन्ही बाजूंना पातळ पॉलिसिलिकॉनचे इलेक्ट्रोड ठेवले आणि ते वाकू नयेत म्हणून त्यांना उभ्या कण्यांचा आधार दिला. फट मात्र दीड मायक्रॉनचीच ठेवली. वजन मिलिग्रॅममध्ये गेलं, एडीएक्सएलच्या तुळईच्या हजारो पट. औष्णिक खरखर मायक्रो-जीच्याही खाली उतरली, तीही निर्वात न करता.

वजन शांत झालं, आता सर्किटची पाळी होती. ट्रान्झिस्टरची खरखर खालच्या कंपनसंख्यांकडे वाढत जाते, आणि नेमकी तिथेच भूकंपाची आणि वाहनाच्या दिशेची माहिती असते. त्यावर दोन जुने उपाय कामी आले. एक, आधी रिकामं वाचन घ्यायचं, मग संदेशासह, आणि दोन्हींची वजाबाकी करायची. दुसरा, संदेश वरच्या कंपनसंख्येवर नेऊन तिथे मोठा करायचा आणि मग खाली आणायचा. बर्कलीत बर्नहार्ड बोझर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी यांतलं बरंच काम केलं.

मात्र खरी गंमत उत्तर आकड्यांत हवं असल्यामुळे झाली. 1962 मध्ये टोकियोत इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी सिग्मा-डेल्टा ही पद्धत मांडली होती. तीत मोजणारा भाग एकच बिट देतो, ‘जास्त’ किंवा ‘कमी’, पण इतक्या भराभर देतो की अनेक बिटांची सरासरी अतिशय अचूक येते. आधीच्या चुका साठवून त्या पुढच्या बिटांनी फेडण्याचं काम समाकलक करतात. चुकांची खरखर त्यामुळे वरच्या कंपनसंख्यांकडे ढकलली जाते आणि तिथे गाळून टाकता येते. हेन्रिऑन आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये हिल्टन हेडच्या परिषदेत सिलिकॉनचं वजनच त्या मंडलात बसवून दाखवलं. त्वरणाचं समाकलन केलं की वेग, वेगाचं केलं की स्थान. वजन स्वतःच दोन समाकलकांचं काम करतं! वजन डावीकडे आहे की उजवीकडे एवढंच बघायचं आणि विरुद्ध बाजूनं एक ठरावीक धक्का द्यायचा. धक्क्यांचा हिशेब म्हणजेच त्वरण.

मात्र वजन स्प्रिंगला बांधलेलं असतं, आणि ती स्प्रिंग या समाकलकाला गळकं करते. संथ बदलांसाठी त्याची ताकद वाढत जाण्याऐवजी एका मर्यादेला थांबते, आणि चुकांची खरखर पुरेशी वर ढकलली जात नाही. हवा काढून, वजन वाढवून मिळवलेली शांतता एका बिटाच्या खरखरीत वाहून जाऊ लागली. व्लादिमिर पेटकोव आणि बोझर यांनी 2005 मध्ये वजनाच्या पुढे दोन इलेक्ट्रॉनिक समाकलक जोडून चौथ्या क्रमाचं, म्हणजे एकूण चार समाकलकांचं, मंडल चालवून दाखवलं. साउदॅम्प्टनमध्ये मायकेल क्राफ्ट यांचा गट याच दिशेनं आणखी वरच्या क्रमांकडे गेला. क्रम वाढला की लूप स्थिर ठेवणं कठीण होतं, कारण प्रत्येक समाकलक धक्का उशिरा पोचवतो आणि उशिरा पोचलेला धक्का वजनाला आवरण्याऐवजी झोका देतो. या मंडळींच्या लेखांची बरीच पानं या उशिराचा बंदोबस्त करण्यातच गेलेली दिसतात.

या चिपांना पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं ते तेलाच्या शोधात. जमिनीत स्फोट किंवा कंपन घडवून परतणाऱ्या लहरी ऐकायला दशकानुदशकं चुंबक आणि तारेच्या गुंडाळीचे जिओफोन वापरले जात. ते सुमारे 10 हर्ट्झच्या खाली बधिर होत जातात. फीडबॅकनं धरलेलं वजन शून्य हर्ट्झपर्यंत सारखंच ऐकतं, आणि यंत्र तिरकं बसलं तर गुरुत्वाकर्षणावरून तो कलही सांगतं. टेक्ससच्या इनपुट/आउटपुट या कंपनीचा व्हेक्टरसाइस आणि फ्रान्सच्या सेरसेलचे डिजिटल संवेदक शतक पालटण्याच्या सुमारास या कामाला लागले. त्यांचा नॉइज वर्गमूळ हर्ट्झमागे 50 नॅनो-जीच्या आसपास, एडीएक्सएल 50 पेक्षा लाखभर पटींनी कमी. त्याच काळात मोटारी, खेळणी आणि नंतर मोबाइल फोन यांनी मोकळ्या सरकत्या तुळईची स्वस्त चिप उचलली. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर होते. फोनचा पडदा आडवा करायला नॅनो-जी लागत नाहीत.

26 नोव्हेंबर 2018 रोजी नासाचं इनसाइट यान मंगळावर उतरलं. त्याच्यावरच्या भूकंपमापकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये टॉम पाइक यांच्या गटानं घडवलेले लघु-आवर्ती संवेदक होते. वजन आणि त्याला धरणाऱ्या स्प्रिंगा सिलिकॉनच्या एकाच चकतीतून आरपार कोरलेल्या, नैसर्गिक कंपनसंख्या जेमतेम 6 हर्ट्झ. इतक्या मऊ स्प्रिंगवरचं वजन धारितेनं वाचून फीडबॅकनं जागेवर धरलेलं असतं. पण इथे धक्का स्थिर विजेचा नसून चुंबकीय आहे, वजनावर छापलेल्या गुंडाळ्यांतून वाहणाऱ्या प्रवाहाचा. नॉइज वर्गमूळ हर्ट्झमागे 1 नॅनो-जीच्याही खाली. यान उतरल्यावर पाच दिवसांनी, भूकंपमापक अजून यानाच्या माथ्यावरच असताना, या संवेदकांनी सौर पंखांवरून वाहणाऱ्या वाऱ्यानं यानाला दिलेली थरथर नोंदवली. नासानं ती ध्वनिरूपात जगाला ऐकवली. पुढे यंत्र जमिनीवर उतरवून त्यावर वाऱ्यापासून आडोसा देणारं झाकण ठेवण्यात आलं आणि 6 एप्रिल 2019 रोजी इनसाइटच्या भूकंपमापकानं मंगळाच्या पोटातून आलेली पहिली लहर टिपली. सौर पंखांवर धूळ साचून डिसेंबर 2022 मध्ये ती मोहीम संपली. त्याच जातीचा लघु-आवर्ती संवेदक आता फारसाइड सायस्मिक सूट या उपकरणसंचात आहे. नासानं 2021 मध्ये निवडलेला हा संच चंद्राच्या आपल्याला न दिसणाऱ्या बाजूच्या श्रोडिंगर विवरासाठी बांधला आहे.